काटेमुकुटाचे दोन हिशेब

माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसलेल्या इंदुरात प्राणिशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला समुद्र बहुधा काचेच्या बरणीतच प्रथम भेटतो. फॉर्मॅलिनमध्ये वर्षानुवर्षे बुडून रंग उडालेला पाच हातांचा तारामासा हा त्या भेटीचा ठरलेला नमुना असतो, आणि कंटकचर्मी संघ, म्हणजे त्वचेखाली चुन्याचा सांगाडा आणि त्वचेवर काटे किंवा गाठी असणाऱ्या सागरी प्राण्यांचा गट, त्या एका नमुन्यावरून समजून घ्यायचा असतो. या गटातला जो प्राणी आज प्रवाळभित्तींच्या अभ्यासात सर्वाधिक वादाचा विषय झाला आहे, तो मात्र अशा बरणीत मावणारा नाही. ताटाएवढा रुंद, पाचाऐवजी चौदा ते अठरा आणि क्वचित एकवीस हातांचा, आणि पाठभर चार-पाच सेंटीमीटर लांबीचे काटे उभारलेला हा तारामासा येशूच्या मस्तकावरील काटेरी मुकुटावरून ओळखला जातो. मराठीत त्याला काटेमुकुट म्हणता येईल, आणि त्याचे शास्त्रीय नाव अकँथॅस्टर प्लँसी असे आहे. तो जिवंत प्रवाळ खातो, आणि त्याची संख्या वाढली की मैलोगणती भित्ती पांढरी पडते. त्याला वेचून मारावे, की निसर्गाच्या जुन्या व्यवहाराचा भाग मानून त्याच्या वाटेला जाऊ नये, या प्रश्नाची दोन उत्तरे प्रामाणिकपणे देता येतात, आणि पुढील संवाद त्या दोन उत्तरांचा आहे.

हा संवाद इंदूरच्या रामबागेतल्या एका घरात घडतो असे मानावे. त्यातली एक व्यक्ती प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका आहे, जिला सारे विद्यार्थी बाई म्हणतात; दुसरा त्यांचाच जुना विद्यार्थी, जो पुढे भूशास्त्राकडे वळला आणि धार जिल्ह्यातल्या खडकांत रमला. नवलाची गोष्ट अशी की ज्या बाईंचे या प्राण्याच्या रचनेवर मनापासून प्रेम आहे, त्याच त्याला मारण्याची बाजू मांडतात, आणि ज्याने तो कधी जिवंत पाहिलेला नाही, तो भूशास्त्रज्ञ त्याचा वकील होतो.

बाईंनी आरंभ शरीररचनेपासून केला, कारण ज्याचा न्याय करायचा त्याची आधी पुरती ओळख हवी, असे त्यांचे मत होते. “तारामासा हा मासा नव्हे, हे तुला पहिल्या वर्षी शिकवले होते,” त्या म्हणाल्या, “पण तो चालतो कसा, ते तू विसरला असशील. त्याला आपल्यासारखे धमन्यांचे जाळे नाही. तो समुद्राचे पाणीच अंगात खेळवतो. पाठीवर चाळणीसारखी सच्छिद्र चकती असते, तिच्यातून पाणी आत येते, तोंडाभोवतीच्या कड्यासारख्या नळीतून प्रत्येक हातात जाते, आणि हाताच्या खालच्या खोबणीत ओळीने बसलेल्या शेकडो नलिकापादांत, म्हणजे टोकाला चूषक असलेल्या मऊ पोकळ पायांत, दाबाने भरले जाते. यालाच जलसंवहनी संस्था म्हणतात. बरणीतल्या तारामाशाला अशी चाळणी एकच असते, काटेमुकुटाला अनेक असतात. आणि प्रत्येक हाताच्या टोकाला लहानसा संयुक्त डोळा असतो. त्याला बारकावे दिसत नाहीत, पण उजळ वाळूच्या पलीकडे भित्तीचा गडद उंचवटा आहे एवढे त्याला त्या डोळ्यांनी कळते, आणि तो त्या दिशेने चालू लागतो.”

काट्यांच्या विषाबद्दल भूशास्त्रज्ञाने विचारले, तेव्हा बाईंनी रिठ्याचे उदाहरण दिले. रिठा पाण्यात चोळला की ज्या द्रव्यांमुळे फेस येतो त्या सॅपोनिन वर्गातील पदार्थ या तारामाशाच्या ऊतकांतही असतात. काटा टोचला की त्याच्यावरील पातळ त्वचा जखमेत फाटते, आणि सॅपोनिने व त्यांच्याबरोबरची इतर विषारी प्रथिने शरीरात उतरून तासन्‌तास ठणका लागतो, सूज येते, कधी उलट्या होतात. सर्पाच्या दातासारखी विष टोचणारी वेगळी ग्रंथी येथे नसते.

यानंतर बाई त्याच्या जेवणाकडे वळल्या, आणि ते वर्णन जवळून ऐकण्यासारखे आहे. प्रवाळ म्हणजे पॉलिप नावाच्या इवल्या, मऊ, तोंडाभोवती स्पर्शिका असलेल्या प्राण्यांची वसाहत. प्रत्येक पॉलिप स्वतःखाली चुन्याचा पेला रचतो, आणि त्याच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्याला पोसतात. काटेमुकुट बहुधा अंधार पडल्यावर अशा वसाहतीवर चढतो, तिच्या उंचसखलपणाला धरून आपले लवचीक शरीर पसरतो, आणि मग आपले जठर तोंडातून उलटे बाहेर काढून रुमालासारखे पॉलिपांवर अंथरतो. जठरातले पाचक रस तेथेच, बाहेरच, पॉलिपांचे मऊ शरीर विरघळवतात, तयार झालेला रस शोषला जातो, आणि काही तासांनी जठर आत घेऊन प्राणी पुढे सरकतो. मागे उरतो तो त्याच्याच आकाराचा पांढराशुभ्र डाग. तेथे चुन्याचा एकही पेला मोडलेला नसतो, कडा जशाच्या तशा धारदार असतात, फक्त त्यात राहणारे कोणी उरलेले नसते. पुढे थोड्याच दिवसांत त्या पांढऱ्यावर हिरवट-तपकिरी शेवाळाचा पातळ थर चढतो आणि डाग ओळखू येईनासा होतो. एक प्रौढ प्राणी या रीतीने वर्षाला पाच-सहा चौरस मीटर जिवंत प्रवाळ संपवू शकतो.

“पाच-सहा चौरस मीटर म्हणजे एका लहान खोलीची जमीन,” भूशास्त्रज्ञ म्हणाला. “बाई, एवढ्या जागेसाठी त्याला शत्रू ठरवायचे का? तो जे खातो ते निवडून खातो. शिंगांसारख्या फांद्यांचे आणि टेबलासारखे आडवे पसरणारे अॅक्रोपोरा प्रवाळ त्याला सर्वांत आवडतात, आणि भित्तीवर सर्वांत झपाट्याने वाढून इतरांचा प्रकाश अडवणारेही तेच असतात. दगडी गोळ्यांसारख्या, शतकानुशतके सावकाश वाढणाऱ्या पोराइटिसला तो सहसा शेवटी तोंड लावतो. म्हणजे दांडग्यांना आवरून दुबळ्यांना जागा करून देण्याचे काम तो करतो. पनामाच्या भित्तींवर काम केलेल्या जेम्स पोर्टर यांनी १९७२ मध्ये हेच दाखवले होते, की तो जेथे आहे तेथे प्रवाळांची विविधता अधिक आहे. आणि पेन यांचा प्रयोग तर तुम्हीच वर्गात शिकवला होता.”

तो प्रयोग थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण तारामाशांच्या बाजूने बोलणारा प्रत्येक जण त्याचा आधार घेतो. रॉबर्ट पेन यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या खडकाळ किनाऱ्याच्या एका पट्ट्यावरून पिसॅस्टर जातीचे तारामासे सतत काढून टाकले, आणि काही काळात शिंपल्यांच्या एकाच जातीने सारी जागा बळकावून तेथील इतर अनेक जातींना हुसकावले. कमानीच्या माथ्यावरचा दगड काढला की कमान ढासळते, त्या दगडावरून पेन यांनी १९६९ मध्ये अशा प्राण्याला कळीची जाती हे नाव दिले.

“शिकवला होता, आणि तो खराच आहे,” बाईंनी उत्तर दिले. “पण पेन यांचा तारामासा शिंपले खात होता, आणि काटेमुकुट खातो ती स्वतः घर बांधणारी जाती आहे. प्रवाळ गेले तर त्यांच्या फांद्यांत राहणारे मासे, खेकडे, झिंगे या सगळ्यांचा निवारा जातो. आणि प्रश्न एका प्राण्याचा नाही, संख्येचा आहे. मोठी मादी एका हंगामात सहा कोटींहून अधिक अंडी पाण्यात सोडते. नर त्याच वेळी शुक्राणू सोडतात. फलन उघड्या पाण्यात होते. त्यातून निघालेले डिंभ, म्हणजे प्रौढाशी रूपाने काहीच साम्य नसलेली पारदर्शक पिल्ले, दोन-तीन आठवडे किंवा अधिक काळ पाण्यावर तरंगत सूक्ष्म वनस्पतिप्लवक खातात. एवढ्यांतले लाखात एक जरी जास्तीचे जगले, तरी दोन वर्षांत भित्तीवर काट्यांची गर्दी होते. हेक्टरी पंधराच्या आसपास संख्या गेली की प्रवाळांची वाढ त्यांच्या खाण्याला पुरी पडत नाही, आणि तेव्हा त्याला उद्रेक म्हणतात. उद्रेकात तो आवडनिवड ठेवत नाही. मग तुझे सावकाश वाढणारे पोराइटिससुद्धा सुटत नाहीत.”

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर १९६२ मध्ये केर्न्सजवळच्या ग्रीन आयलंडपासून अशा उद्रेकांची नोंद सुरू झाली, आणि त्यानंतर दर पंधरा-सतरा वर्षांनी लाट येत राहिली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार १९८५ पासूनच्या सत्तावीस वर्षांत तेथील जिवंत प्रवाळाचे आच्छादन २८ टक्क्यांवरून १३.८ टक्क्यांवर आले, आणि या हानीतला ४८ टक्के वाटा चक्रीवादळांचा, ४२ टक्के काटेमुकुटाचा आणि १० टक्के प्रवाळविरंजनाचा होता. विरंजन म्हणजे पाणी तापल्यामुळे पॉलिपांनी आपल्यातली शैवले बाहेर टाकणे आणि उपाशी, फिके पडणे.

भूशास्त्रज्ञाने या आकड्यांतला वादळांच्या वाट्याचा आकडा उचलला. वादळ अधिक मोडतोड करते, तरी वादळाला कोणी कीड म्हणत नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्यावर बाईंचे उत्तर नेमके होते: वादळ अडवता येत नाही, पाण्याचे तापमान उद्या सकाळी उतरवता येत नाही, पण तारामासा हाताने काढता येतो, तीन संकटांपैकी ज्या एकावर माणसाचा हात पोहोचतो, ते सोडून देणे हे शहाणपण नव्हे. या युक्तिवादाचे बळ मान्य करावेच लागते, आणि भूशास्त्रज्ञानेही येथे बोलण्याची दिशा बदलली.

त्याने बाईंना गोव्याकडे नेले. या प्राण्याच्या नावाची कथा मराठी वाचकाला जवळची आहे, कारण तिचा एक धागा कोकणकिनाऱ्याला येऊन मिळतो. आग्नेय आशियातल्या आंबोन बेटावर राहणाऱ्या रुम्फियसच्या १७०५ मध्ये छापलेल्या ग्रंथात त्याचा पहिला उल्लेख सापडतो. पण कार्ल लिनियसने १७५८ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले ते १७४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वर्णनाच्या आणि चित्राच्या आधारे. ते वर्णन प्लँकस या लॅटिन नावाने लिहिणारा रिमिनीचा वैद्य जोव्हान्नी बियांकी आणि फ्लॉरेन्सचा निकोलो ग्वाल्तिएरी यांचे होते, आणि त्यांच्यासमोरचा नमुना गोव्याचा होता. प्लँसी हे नाव त्या प्लँकसचे. तो नमुना आज अस्तित्वात नाही. उरले आहे ते चित्र आणि ठिकाणाचे नाव.

“आता हा नमुना गोव्याच्या पाण्यातच मिळाला, की गोव्याच्या बंदरात कुठल्या गलबतातून उतरला, हे ठरवायला वाव आहे,” भूशास्त्रज्ञ म्हणाला. “ग्रांडी बेटाभोवती आणि इकडे मालवणला प्रवाळ आहेत, पण लक्षद्वीपसारखी विस्तीर्ण भित्ती तेथे नाही, आणि त्या काळी पोर्तुगीज गोव्यात पूर्वेकडचा सारा माल उतरत असे. पण मुद्दा वेगळाच आहे. २००८ मध्ये डीएनएच्या तुलनेवरून असे दिसले, की जगभर एकच समजला जाणारा हा तारामासा प्रत्यक्षात चार वंशशाखांचा आहे, एक उत्तर हिंदी महासागरातली, एक दक्षिणेकडची, एक तांबड्या समुद्रातली आणि एक प्रशांत महासागरातली, आणि त्या परस्परांपासून साधारण वीस ते छत्तीस लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. गोव्याचा नमुना धरला तर प्लँसी हे नाव आपल्या, उत्तर हिंदी महासागराच्या शाखेकडे येते. म्हणजे ग्रीन आयलंडपासून आजवर ज्याच्यावर ग्रंथालये भरतील एवढे संशोधन झाले, तो प्राणी प्लँसी नव्हेच. त्याच्या सवयी, त्याचे उद्रेक, त्याच्यावरचे उपाय, हे सगळे उचलून लक्षद्वीप-अंदमानच्या प्राण्याला लावायचे, हे कोणत्या शास्त्रात बसते?”

बाई या मुद्द्यावर थोडा वेळ थांबल्या, आणि त्यांनी तो टाळला नाही. तांबड्या समुद्रातल्या शाखेला २०२२ मध्ये स्वतंत्र जातीचे नाव मिळाले आहे, हे त्यांनीच जोडले. भारतीय पाण्यातल्या प्राण्याच्या जननाचा हंगाम, त्याचे भक्ष्य, त्याच्या संख्येतले चढउतार यांचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा, आणि तोवर प्रशांत महासागरातले निष्कर्ष नियम म्हणून न वापरता सावधगिरीची सूचना म्हणून वापरावेत, एवढे त्यांनी मान्य केले. या संवादातला सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे. नाव एकच असल्यामुळे दोन प्राण्यांना एक समजण्याची चूक वर्गीकरणाच्या पुस्तकापुरती राहत नाही, ती धोरणातही उतरते.

पण भूशास्त्रज्ञाची खरी भिस्त काळावर होती. तारामाशांचे पूर्वज सुमारे अठ्ठेचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात. इंदूरहून दीडशे किलोमीटरच्या आसपास, धार जिल्ह्यात बाघ गावाच्या परिसरात, सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे क्रिटेशस कालखंडात, नर्मदेच्या खचदरीतून समुद्राची एक चिंचोळी शाखा आत शिरली होती, आणि तिच्या तळाशी साचलेले थर आज बाघ थर म्हणून ओळखले जातात. खाली निमाड वालुकाश्म, त्यावर गाठीगाठींचा चुनखडक, आणि त्यावर लालसर-पिवळा, दाणेदार कोरलाइन चुनखडक. प्रमथनाथ बोस यांनी १८८४ मध्ये या थरांचे सविस्तर वर्णन केले. कोरलाइन या नावाचा अर्थ प्रवाळयुक्त असा होतो, परंतु त्या खडकातल्या फांद्यांसारख्या तुकड्यांना भिंगाखाली धरले की ते प्रवाळ नसून ब्रायोझोआ या शेवाळासारख्या दिसणाऱ्या वसाहती प्राण्यांचे अवशेष आहेत हे कळते. जुने नाव मात्र टिकले.

“त्या समुद्रावर पुढे दख्खनच्या लाव्ह्याचे थर चढले, आणि आपण ज्या काळ्या दगडावर बसलो आहोत तो तोच,” भूशास्त्रज्ञ म्हणाला. “असे समुद्र येतात, जातात. तारामासे त्या सगळ्यांतून पार झाले. साठ वर्षांच्या नोंदींवरून त्यांना नवे संकट ठरवणे म्हणजे एका पावसाळ्यावरून हवामान सांगणे. ऑस्ट्रेलियातल्या भित्तींच्या तळच्या गाळात नळ्या रोवून काढलेल्या नमुन्यांत काटेमुकुटाच्या काट्यांचे आणि अस्थिकांचे, म्हणजे सांगाड्याच्या सुट्या चुनखडी तुकड्यांचे, अवशेष हजारो वर्षांपूर्वीच्या थरांतही मिळाले. १९८९ मध्ये ते प्रसिद्ध झाले आहे.”

“आणि त्याला आक्षेपही लगेच घेतले गेले,” बाई म्हणाल्या. “तू स्वतः थर वाचणारा माणूस आहेस, तूच सांग. भित्तीच्या तळच्या वाळूत बिळे करणारे झिंगे राहतात. ते खालची वाळू वर फेकतात आणि वरचे तुकडे खाली नेतात. मग एक काटा अमुक खोलीवर मिळाला म्हणून तो तितकाच जुना, असे म्हणता येते का? आणि तो जुना असला तरी तेव्हा तारामासा होता एवढेच ठरते. किती होते, किती वर्षांनी उसळत होते, हे त्या तुकड्यावर लिहिलेले नसते.”

भूशास्त्रज्ञाने हे मान्य केले, आणि त्याचे कारण प्राण्याच्या रचनेतच आहे. तारामाशाचा सांगाडा अखंड कवचाचा नसतो. हजारो अस्थिका एका विलक्षण संयोजी ऊतकाने एकमेकींना बांधलेल्या असतात, जे चेतातंतूंच्या आज्ञेने क्षणात ताठ आणि क्षणात मऊ होऊ शकते. त्यामुळेच हा प्राणी दगडासारखा घट्ट होतो आणि फडक्यासारखा प्रवाळावर पसरतोही. पण मरताच ते ऊतक कुजते, अस्थिका सुट्या होऊन विखुरतात, आणि अश्मीभूत होण्यासाठी अखंड शरीर उरत नाही. त्याचे आप्त सागरी अर्चिन, ज्यांच्या चुन्याच्या पट्टिका एकमेकींत घट्ट बसलेल्या असतात, ते बाघच्या चुनखडकात भरपूर मिळतात. लांबच्या काळाचा हिशेब मांडणाऱ्या पक्षाला आपल्याच साक्षीदाराच्या शरीराने दगा द्यावा, अशी ही अडचण आहे.

मग उद्रेक का होतात, या प्रश्नाकडे दोघेही आले, आणि येथे त्यांचे अंतर अनपेक्षितपणे कमी झाले. एक मत असे, की काटेमुकुटाला खाणारे प्राणी माणसाने संपवले. ट्रायटन नावाची अर्धा मीटर लांब कवचाची सागरी गोगलगाय त्याला काट्यांसकट खाते. तिच्या कवचाच्या सौंदर्यासाठी ती जगभर वेचली गेली. देवघरात वाजणारा शंख हा तिचा नव्हे. तो टर्बिनेला या दुसऱ्या, सागरी कृमींवर जगणाऱ्या प्राण्याचा. भारतात २००१ मध्ये ट्रायटनला आणि भित्ती बांधणाऱ्या सर्व प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेण्यात आले. ट्रायटन आठवड्याला एखादाच तारामासा खाते, म्हणून तिच्या एकटीच्या उणिवेने उद्रेक होतो असे म्हणणे कठीण आहे. पण ग्रेट बॅरियर रीफच्या मधल्या पट्ट्यात मासेमारीला मोकळ्या भित्तींवर उद्रेकांचे प्रमाण मासेमारीबंदीच्या भित्तींपेक्षा ३.७५ पट आढळले, यावरून लहान तारामाशांना खाणाऱ्या माशांकडे बोट जाते.

दुसरे मत चार्ल्स बर्कलँड यांनी १९८२ मध्ये मांडले. जोराच्या पावसानंतर जमिनीवरून वाहून येणारी पोषकद्रव्ये, ज्यांत आज खते आणि सांडपाणी यांची भर आहे, किनाऱ्याजवळच्या पाण्यात वनस्पतिप्लवक वाढवतात, आणि एरवी उपाशी मरणारे डिंभ त्यावर जगून जातात. “म्हणजे कारण किनाऱ्यावर आणि त्याच्याही मागे, जमिनीवर आहे,” भूशास्त्रज्ञ म्हणाला, “आणि उपाय म्हणून पाणबुडे सुया घेऊन समुद्रात उतरतात. याला आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात. इंदुराचेच पाहा. जलूदजवळ उपसलेले नर्मदेचे पाणी विंध्याचा चढ चढवून येथे आणतात. नर्मदा अरबी समुद्राला जाणारी. ते वापरले की कान्ह नदीत उतरते, कान्ह क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला, आणि अरबी समुद्राचे पाणी आपली घाण घेऊन बंगालच्या उपसागराला जाते.”

“त्या घाणीने अंदमानात तारामासे वाढले असे मात्र म्हणू नकोस,” बाईंनी त्याला तेथेच अडवले. “कान्हेपासून अंदमानापर्यंत इतके पाणी, इतका गाळ आणि इतके अंतर आहे, की असा थेट संबंध जोडणे शास्त्राला धरून होणार नाही. शंभर नद्यांच्या मुखाशी मिळून काय होते, एवढेच बोलता येते, आणि त्यात कान्हेचा वाटा आहे एवढेच तिच्याबद्दल म्हणता येते. पण तुझी म्हण आता उलटून बघ. नद्या स्वच्छ व्हायला, मासे परत यायला, समुद्र थंड व्हायला पिढ्या लागतील. लक्षद्वीपच्या भित्ती १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये तापून पांढऱ्या पडल्या. त्यातून जे प्रवाळ वाचले, ते उष्णता सोसणारे आहेत, आणि पुढची भित्ती त्यांच्याच पिल्लांतून उभी राहायची आहे. नेमके तेच काटेमुकुटाने खाल्ले, आणि मग शंभर वर्षांनी पाणी स्वच्छ झाले, तर ते बैल गेला आणि झोपा केला असे होईल.”

मारण्याची रीतही त्यांनी सांगितली. तारामाशाला कापून टाकणे व्यर्थ असते, कारण तुटलेला भाग पुन्हा वाढू शकतो. पूर्वी सोडियम बायसल्फेट एकेका प्राण्यात अनेक ठिकाणी टोचावे लागे. पुढे जनावरांच्या पित्तातले क्षार एकदाच टोचले तरी पुरते असे दिसले, आणि साध्या व्हिनेगरनेही काम होते हे नंतर कळले. प्रत्येक प्राण्यामागे एक पाणबुड्या, एक सुई आणि दमाची काही मिनिटे, असा हा हिशेब आहे. म्हणून तो मोजक्या, निवडलेल्या भित्तींवरच शक्य आहे, आणि जेथे तो नेटाने व वारंवार केला गेला तेथे प्रवाळ टिकल्याचे दिसले आहे.

येथे भूशास्त्रज्ञाने आपला शेवटचा, आणि कदाचित सर्वांत अस्वस्थ करणारा, पुरावा पुढे ठेवला. भित्तीवर उतरलेले तारामाशाचे पिल्लू आधी पाचच हातांचे आणि नखाहून लहान असते, आणि प्रवाळ खात नाही. ते दगडांवर चढलेले चुनखडी गुलाबी शैवाल खाते, आणि एरवी चार-सहा महिन्यांनी, सेंटीमीटरभर झाल्यावर, प्रवाळाकडे वळते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रवाळ न मिळालेली पिल्ले साडेसहा वर्षे केवळ शैवालावर, वाढ थांबवून, जिवंत राहिली, आणि प्रवाळ मिळताच खायला लागून वाढू लागली. म्हणजे प्रवाळ मेले की त्यांच्या तुटक्या सांगाड्यांच्या फटींत पिल्लांना लपायला जागा आणि खायला शैवाल मिळते, आणि प्रवाळ परतले की ही दडलेली पिढी वर येते. पाणबुड्याची सुई तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

बाईंनी हे नाकारले नाही. प्रौढ मारून प्रश्न संपतो असा त्यांचा दावाच नव्हता. वेळ मिळतो, एवढाच होता. आणि दोन्ही हिशेब शेजारी ठेवून पाहिले, तर पारडे बाईंकडे झुकते, कारण भूशास्त्रज्ञाचा हिशेब कोटी वर्षांत बरोबर असला तरी त्यात ही विशिष्ट भित्ती, तिच्यावर जगणारी ही बेटे आणि तेथील माणसे कोठेच मोजली जात नाहीत. मात्र तो झुकाव अटीसकट आहे: भित्ती निवडलेली असावी, मोजणी आधी व्हावी, थोड्या संख्येने वावरणाऱ्या काटेमुकुटाला हात लावू नये, आणि जो प्राणी मारायचा तो कोणत्या शाखेचा आहे हे ठाऊक असावे. गोव्याच्या त्या हरवलेल्या नमुन्याचे वंशज आपल्या समुद्रात किती आहेत, हे मोजल्याशिवाय त्यांच्याविरुद्ध मोहीम उभारणे भूशास्त्रज्ञाला जितके अमान्य होते, तितकेच शेवटी बाईंनाही होते.

निघताना भूशास्त्रज्ञाने धार जिल्ह्यातल्या मनावर गावाकडून अभ्यासासाठी आणलेला एक अश्मीभूत अर्चिन टेबलावर ठेवला. लिंबाएवढा, मळकट पिवळा, एका बाजूने किंचित दबलेला. बाईंनी तो ओल्या फडक्याने पुसला आणि खिडकीच्या उजेडात भिंगाखाली धरला. त्याच्या माथ्यावर पाच पाकळ्यांची नक्षी होती, तारामाशाच्या पाच हातांच्या जागी, आणि प्रत्येक पाकळीच्या दोन्ही कडांना सुईने टोचावीत तशी बारीक छिद्रे जोडीजोडीने ओळीत होती. त्या छिद्रांवाटे नऊ कोटी वर्षांपूर्वी नलिकापाद बाहेर येत असत, असे बाईंनी त्याला सांगितले, आणि एका पाकळीवरच्या जोड्या भिंगाखाली धरून त्या मोजू लागल्या.